थकबाकी : प्रकल्प नोंदी (जानेवारी ते ऑक्टोबर २०२५)

६ जानेवारी २०२५

मस्कतहून कायमचा परत येऊन सतरा दिवस झाले. तिकडे तेरा वर्षं चिलर प्लँटवर काम केलं. दर दोन तासांनी लॉगशीट भरायची: सक्शन प्रेशर, डिस्चार्ज प्रेशर, तेलाचं तापमान. नियम एकच होता, काट्यावर दिसतो तो आकडा लिहायचा, बरा वाटतो तो नाही. ही वही त्याच नियमाने लिहिणार आहे.

प्रकल्प: जाण्याआधीची सगळी देणी मिटवणे.
भांडवल: ग्रॅच्युइटी आणि शिल्लक मिळून ९ लाख. याच्या पलीकडे जायचं नाही, कारण पुढे दुकान टाकायचंय.
देणी, आठवतील तशी: तालुक्याच्या पतसंस्थेचं कर्ज (आजचा आकडा माहीत नाही). त्याचे दोन जामीनदार: एक शाळेतले सर, एक थोरला चुलतभाऊ (दादा). एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड. एका मित्राचे हातउसने २५ हजार. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची उधारी.

पार्श्वभूमी थोडक्यात. २०१० च्या मेमध्ये फ्रीज-एसी दुरुस्ती आणि मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप टाकायला २ लाख घेतले, पाच वर्षांच्या मुदतीने. चौदा हप्ते भरले. वर्कशॉप बसलं. २२ जानेवारी २०१२ ला विमानात बसलो. पहिली दोन-अडीच वर्षं खरंच हातात काही उरत नव्हतं. २०१५ पासून उरत होतं. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला, बहिणीचं लग्न केलं, हप्ता मात्र भरला नाही. काट्यावरचा आकडा हाच आहे.

९ जानेवारी

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत अकरा पाकिटं, बहुतेक रजिस्टर पोस्टाची, एकही फोडलेलं नाही. आईने सही करून घेतली आणि पेटीत ठेवली. सरकारी पाकीट फोडलं की लागू होतं, असा तिचा समज. न फोडताही लागू होतं हे तिला आज सांगून काय उपयोग.

तारखेप्रमाणे लावली. सुरुवातीला साध्या मागणीच्या नोटिसा. मग सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या अर्जाची नोटीस, त्यात माझ्याबरोबर दोन्ही जामीनदारांची नावं. मग २०१३ चा वसुली दाखला. १०१ चा दाखला म्हणजे काय हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं: दिवाणी दाव्यात वर्षं घालवायची गरज नाही, निबंधक दाखला देतो आणि संस्थेचा वसुली अधिकारी जप्तीला निघतो. कर्जदार सापडला नाही तर जामीनदार सापडतो. शाळेत शिकवणारा माणूस तर रोज अकरा ते पाच एकाच जागी सापडतो.

१३ जानेवारी

पतसंस्थेत गेलो. पूर्वी लाकडी काउंटर होतं, आता काच आणि टोकन मशीन. तेव्हाचा क्लार्क आता मॅनेजर आहे. त्याने ओळखलं, पण ओळख दाखवायला दोन मिनिटं घेतली. खातेउतारा काढून दिला, ३१ डिसेंबरअखेरचा.

मुद्दल बाकी: १,६५,७००
व्याज १५ टक्के अधिक दंडव्याज २ टक्के, ऑगस्ट २०११ पासून: ३,७७,९३४
वसुली खर्च: ५,१५०
वजा, जामीनदाराकडून वसूल: १,१२,०००
येणे: ४,३६,७८४

जामीनदाराच्या वसुलीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं. "सरांचा पगार," मॅनेजर म्हणाला. ऑगस्ट २०१४ ते मार्च २०१७, दरमहा साडेतीन हजार, बत्तीस महिने. संस्था आधी व्याजाला जमा करते, मग मुद्दलाला. त्या बत्तीस महिन्यांत व्याज चढत होतं त्याच्या मागे पैसे धावत होते, म्हणून सरांच्या १ लाख १२ हजारांनी माझ्या मुद्दलातला एक रुपयाही कमी झाला नाही.

घरी येऊन आणखी एक हिशेब केला, जो करायला नको होता. मी गेलो तेव्हा एका रियालला १४० च्या आसपास रुपये मिळायचे, येताना २२० च्या वर. म्हणजे २ लाख तेव्हा १,४०० रियाल होते आणि शेवटी शेवटी ९०० च्या आसपास. रुपया घसरेल तसं माझ्या बाजूचं कर्ज हलकं होत गेलं. सरांचा पगार रुपयात होता.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन सरांकडे जायचं ठरवलं होतं. गेलो नाही.

२० जानेवारी

सांगलीला वकिलांकडे. मस्कतच्या रूमवर दर शुक्रवारी कोणीतरी छातीठोक सांगायचं, "तीन वर्षं झाली की कर्ज मेलं." तेरा वर्षं मी याच वाक्याच्या उशीवर झोपलो. ते वाक्य वकिलांपुढे ठेवलं.

पतसंस्थेबद्दल त्यांनी हसून हात झटकला. दाखला निघालेला आहे, विषय संपला. निघाला नसता तरी सहकार कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडच्या येण्याची मुदत तो सभासद मेल्यापासून किंवा सभासदत्व सुटल्यापासून मोजायला लागतात. "तुम्ही दोन्हीतलं काही केलेलं नाही," म्हणाले.

कार्डाचं वेगळं. ते साधं कंत्राटी देणं, म्हणून १९६३ चा मुदत कायदा, तीन वर्षं. मी म्हटलं, मग सुटलो. त्यांनी पुस्तक काढून कलम १५ चं पोटकलम ५ माझ्याकडूनच वाचून घेतलं: प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मुदत मोजताना वगळायचा. तेरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. परदेशात राहून मुदत संपवता येत नाही. आपण देश सोडला की घड्याळ थांबतं आणि रजेवर आलो की परत चालू होतं.

रात्री दोन्ही पासपोर्ट घेऊन बसलो. शिक्के बघून रजेचे दिवस मोजले: अकरा रजा, ३९८ दिवस. कार्डाचा हप्ता चुकल्यापासून विमानात बसेपर्यंत ७३. परत आल्यापासून आजपर्यंत ३२. बेरीज ५०३. तीन वर्षांचे दिवस १,०९५. कार्डाचं कर्ज अजून जिवंत आहे आणि आणखी दीड वर्षाहून जास्त जगणार आहे. रजेवर येऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाने जाणारे ते ३९८ दिवस तेवढे कायद्याने माझ्या बाजूने धरले.

वकिलांची दुसरी ताकीद: मुदत चालू असताना देणं मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, किंवा काही रक्कम भरली, तर तिथून नवीन तीन वर्षं सुरू होतात (कलम १८ आणि १९). मुदत संपलेल्या देण्याचंही तसंच, सही करून लेखी वचन दिलं की करार कायद्याच्या कलम २५ खाली ते पुन्हा उभं राहतं. म्हणून ठरवलं, काहीही असो, तडजोड ठरेपर्यंत कोणाला चिठ्ठी लिहून द्यायची नाही आणि शंभर रुपयेही भरायचे नाहीत. फी ३,००० घेतली. तेरा वर्षांतला सगळ्यात स्वस्त सल्ला.

२५ जानेवारी

क्रेडिट रिपोर्ट काढले. चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तोच घ्यायचा. मधले ॲपवाले फुकट म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून कर्ज विकायला फोन करतात.

कार्ड दिसतंय: "रिटन ऑफ", आणि येणेकऱ्याच्या जागी बँक नाही, एक मालमत्ता पुनर्रचना कंपनी. बँकेने बुडीत खात्यांचा गठ्ठा विकला, त्यात मी गेलो. राइट-ऑफ म्हणजे माफी असं मी समजत होतो. ती फक्त बँकेच्या ताळेबंदातली नोंद, येणं तसंच राहतं.

पतसंस्थेचं कर्ज चारही रिपोर्टमध्ये नाही. सरांचे बत्तीस महिनेही नाहीत.

क्रम ठरवला. सिबिलचा स्कोअर सुधारायचा तर कार्ड आधी, असं जो तो सांगतो. मी उलटं लावलं: माझं कर्ज ज्याला चावतंय त्याच्यापासून सुरुवात. सर, मग दादाच्या सातबारावरचा बोजा, मग कार्ड. बाकी नंतर.

२ फेब्रुवारी

रविवार. सरांकडे गेलो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेत. ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. "ये," एवढंच म्हणाले. काकू बाहेर आल्या नाहीत. चहा नातवाने आणून ठेवला.

मी तोंड उघडायच्या आत सर आत गेले आणि शंभर पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हजेरीपटावर लिहितात तसं. खाली बत्तीस ओळी: महिना, कपात, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी काही नाही. एका ठिकाणी "ताईची डी.एड. फी, सोसायटीतून उचल". एका ठिकाणी "मुख्याध्यापकांनी विचारले".

मी म्हटलं, "सर, व्याजासकट देतो. आकडा तुम्ही सांगा." मला वाटलं होतं, नको म्हणतील आणि मला आग्रह करावा लागेल. त्या नाटकाची तयारी करून गेलो होतो. सर म्हणाले, "आकडा काढलेला आहे." वहीच्या मागच्या बाजूला वर्षवार हिशेब, जी.पी.एफ.च्या (भविष्य निर्वाह निधीच्या) दराने. २०१४ ला ८.७ टक्के होता, घसरत घसरत २०२० पासून ७.१ वर आलाय, ते सगळे बदल तिमाहीप्रमाणे धरलेले. "हे पैसे कापले गेले नसते तर मी फंडात टाकले असते. तेवढंच मागतो. मार्चअखेर २,२१,४०६."

मी पतसंस्थेच्या १७ टक्क्यांचा विचार करून गेलो होतो, म्हणून बोलून गेलो की हे कमी आहे. सर जरा कडक आवाजात म्हणाले, "कमी-जास्त नाही. बरोबर आहे." गणिताच्या तासाला असंच म्हणायचे.

निघताना मीच विषय काढला. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्यातच आहे, करार कायद्याचं कलम १४५. तुम्ही माझ्यावर दावा का नाही लावला? सर म्हणाले, "वकील म्हणाला होता. पण त्याला तुझा मस्कतचा पत्ता हवा होता. तो तुझ्या आईकडे मागायला लागला असता."

१० फेब्रुवारी

सरांच्या खात्यात २,२१,४०६ आर.टी.जी.एस. केले. सरांनी पावती लिहून पाठवली, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. मी मागितली नव्हती.

१७ फेब्रुवारी

दादाचा सातबारा ऑनलाइन काढला. "इतर हक्क" रकान्यात पतसंस्थेचा बोजा, फेरफार क्रमांकासह. २०१८ ची नोंद. सरांच्या पगारातली कपात थांबल्यावर वसुली अधिकारी दुसऱ्या जामीनदाराकडे वळला होता.

बोजा असला तरी ऊस तोडायचा राहत नाही, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काही बिघडलेलं दिसत नाही. बिघडतं ते विकास सोसायटीत. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे शून्य टक्क्याने पडतं, पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून. दादाला दुसऱ्याचा बोजा आहे म्हणून सोसायटीने कर्ज दिलं नाही. मग दर लागणीला वहिनींच्या पाटल्या सोनेतारणाला. सात वर्षं. त्या व्याजाचा आकडा मी विचारला. दादा म्हणाला, "पाण्याची दारं धरायची आहेत, नंतर बोलू," आणि टॉर्च घेऊन रानात गेला.

२४ फेब्रुवारी

पतसंस्थेत एकरकमी परतफेडीचा लेखी अर्ज दिला. इथे लिहून द्यायला हरकत नव्हती, दाखला आधीच डोक्यावर आहे. पोच घेतली, आवक क्रमांकासह. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, हा माझा एकमेव हट्ट.

वेळ मुद्दाम साधली. मार्चअखेर जवळ आला की संस्थांना एन.पी.ए.चं (थकीत कर्जांचं) प्रमाण खाली दाखवायचं असतं. गाड्या काढून संचालक स्वतः वसुलीला फिरतात. अशा वेळी जुनं खातं पायाने चालत आलं तर त्याला खुर्ची मिळते. मॅनेजर म्हणाला, "सप्टेंबरात आला असतात तर एवढं ऐकलं नसतं."

१८ मार्च

संचालक मंडळाचा ठराव झाला. दंडव्याज माफ, व्याज १५ ऐवजी ९ टक्के सरळ, भरलेले १,१२,००० वजा. ३१ मार्चच्या आत भरल्यास एकूण २,६२,६६१. मॅनेजरने फोनवर सांगितलं. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात मिळेपर्यंत भरणार नाही म्हटलं. त्याला ते लागलं. तेरा वर्षं न भरणाऱ्याने कागद मागावा हे लागणारच, पण प्रत दोन दिवसांत मिळाली.

९ टक्क्यांवर समाधानी आहे का? आहे. १७ टक्के कागदावर मान्य करून मी सही केली होती हे खरं, आणि ४ लाख ३७ हजार भरणं मला जमलंही असतं. पण ते भरले असते तर दादाला द्यायला काही उरलं नसतं. हा हिशेब संस्थेच्या उताऱ्यात येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२८ मार्च

भरले. पावती घेतली. त्याबरोबर मूळ वचनचिठ्ठी आणि २०१० मध्ये तारण म्हणून सही करून दिलेले सहा कोरे चेक मागितले. चार मिळाले. उरलेले दोन "रेकॉर्डला शोधतो". कर्ज फिटल्यावर कोरे चेक दुसऱ्याच्या कपाटात राहू देऊ नयेत. कोणी तारीख टाकून बँकेत लावले तर कलम १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस आपल्याच दारात. दोन चेक गहाळ असल्याचं संस्थेकडून पत्रावर लिहून घेतलं.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. आईने पेटी रिकामी करून त्यात चिंच भरली.

११ एप्रिल

नील दाखला (काही येणं नाही असा) मिळाला. बोजा कमी करण्याचं पत्रही.

२२ एप्रिल

बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन टाकला आणि तरीही तलाठ्याला जाऊन भेटलो (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच). फेरफार धरला की पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. फेरफार धरायलाच मे उजाडेल असं दिसतंय.

५ मे

कार्डाचं काम उघडलं. खरं तर त्यांनीच उघडलं. मी नवीन सिमवर बँकेचं के.वाय.सी. केलं आणि आठवड्यात वसुलीचा पहिला फोन आला. मागणी २,८७,००० ची. कार्डावर मी वापरलेले ३१,४००.

फोनवरचा मुलगा विशीतला असावा. आधी दादा, मग साहेब, मग धमकी, मग परत दादा. त्याची ऑफर: "आज फक्त ५०० टोकन भरा, केस होल्डवर टाकतो. यू.पी.आय. पाठवू?" वकिलांनी सांगितलेला सापळा अगदी पुस्तकात आहे तसाच चालत आला. पाचशे रुपयांत त्यांना नवीन तीन वर्षं मिळाली असती.

९ मे

काल रात्री पावणेनऊला फोन, आणि आज साताऱ्याला बहिणीच्या घरी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, नातेवाइकांना छळणं तर नाहीच. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला: फोनच्या वेळा, बहिणीच्या फोनची नोंद, आणि तीन मागण्या. बँकेने खातं तुमच्याकडे सोपवल्याचा कागद, व्याजासह पूर्ण खातेउतारा, वसुली एजन्सीचं अधिकारपत्र. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेकडे जाईन असंही लिहिलं. देणं मान्य आहे असा शब्द कुठेही येऊ दिला नाही.

२ जून

कागद आले. फोन थांबले, निदान रात्रीचे.

१९ जून

चार फेऱ्यांनी ५८,००० वर आलं. सेटलमेंटचं पत्र आधी, कंपनीच्या लेटरहेडवर, खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि "यापुढे काही येणे नाही" या वाक्यासकट. पैसे पत्रात लिहिलेल्या खात्यातच भरले. एजंटचा क्यू.आर. कोड तसाच राहिला.

इथे एक निवड होती. पूर्ण मागणी भरली असती तर रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" लागलं असतं. तडजोडीने भरलं म्हणून "सेटल्ड" लागेल, आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचून भुवई उंचावेल. २ लाख २९ हजार रुपये एका शब्दासाठी जास्त वाटले. सरांच्या ओसरीवर कान तापले होते तसं इथे काही झालं नाही. का झालं नाही, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही.

२७ जून

वेगळाच विषय. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर सहज स्वतःचं नाव टाकलं. जाण्याआधीचं बचत खातं सापडलं. दहा वर्षं व्यवहार नाही म्हणून शिल्लक ठेवीदार जागृती निधीत गेलेली. शाखेत के.वाय.सी. दिलं की परत मिळते. शिल्लक ६,२१२ अधिक व्याज, सध्या ३ टक्क्याने. माझं कोणाकडे तरी येणं निघालं याचा आईला फार आनंद.

८ जुलै

किराणा. दुकानदार काका सहा वर्षांपूर्वी गेले, मुलगा चालवतो. मला आठवत होते ४,३००. आई म्हणाली, चार हजार, आणि दिवाळीचं तेल वेगळं. मुलगा म्हणाला, जुन्या वह्या रद्दीत गेल्या, वहीत नाही ते मी घेऊ कसं? ५,००० गल्ल्यावर ठेवले. त्याने ते उचलून माझ्या नावाने नवीन पान काढलं आणि "आगाऊ जमा" असं लिहिलं. आता साखर आणायला गेलं की त्यातून वजा होते. देणं फिटलं की नाही हे ठरवता येत नाही. आईच्या मते नाही.

१५ जुलै

बोजा निघाला. नवीन सातबारावर "इतर हक्क" रकान्यात त्या ओळीवर आडवी रेघ. दादाला प्रिंट दिली. त्याने ती घडी करून खिशात घातली आणि तिसऱ्या दिवशी विकास सोसायटीत गेला. आडसाली लागणीचं कर्ज मंजूर.

सोनेतारणाच्या व्याजाचं मात्र त्याने अजून सांगितलं नाही. शेवटी वहिनींनाच विचारलं. त्यांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या, डब्यात, तारखेप्रमाणे. सगळं मिळून ९४,३००. वहिनींच्या खात्यावर भरले. दादाला कळल्यावर दोन दिवस घरी आला नाही, मग स्वतःच पेरूची पाटी घेऊन आला.

३ ऑगस्ट

मित्र. नंबर बदलला असेल असं वाटलं होतं, पण बदललेला नव्हता. त्याने फोन घेतला, माझं नाव ऐकलं, ठेवला. मेसेजवर निळ्या टिका आल्या. त्याच्या जुन्या नंबरवर यू.पी.आय. चालत होतं, म्हणून ५०,००० पाठवले. संध्याकाळी ५०,००० परत आले. शेऱ्यात काही नाही.

हे काम उघडं ठेवतोय.

१० सप्टेंबर

रिपोर्ट अजून जुनाच होता. क्रेडिट कंपनीकडे तक्रार टाकलेली. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मी खरं सांगायचं तर त्या शंभरांची वाट बघत होतो. सव्विसाव्या दिवशी दुरुस्त केलं. "पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड."

आतापर्यंतचा खर्च: सर २,२१,४०६, पतसंस्था २,६२,६६१, कार्ड ५८,०००, वहिनी ९४,३००, किराणा ५,०००, वकील ३,०००. एकूण ६,४४,३६७. मित्राचे ५०,००० बाजूला ठेवलेत, दुकानाच्या भांडवलात धरलेले नाहीत.

१३ ऑक्टोबर

दादाला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय. दसऱ्याला घ्यायचा होता, कागदांत राहिलं. आज सकाळी दारात गाडी लावून म्हणाला, "चल जरा बँकेत." काय काम ते वाटेत सांगितलं नाही.

बँकेत त्याने फॉर्म पुढे केला. जामीनदाराच्या रकान्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं, त्याच्या अक्षरात, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी खिशातून पेन काढलं. क्लार्कने आधार आणि पॅन घेऊन संगणकात घातलं, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि मान हलवली. "यांच्यावर सेटल्ड दिसतंय. चालणार नाही. दुसरा बघा, नोकरदार असेल तर बरं."

त्याने माझ्या नावावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि फॉर्म दादाकडे सरकवला. "खाडाखोड झाली. इथे बाजूला सही करा."

दादाने सही केली.